विकर नाही

पोंभुर्ण्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवायची. विकर म्हणजे तोवर माझ्या लेखी दोन गुणांचा प्रश्न. अन्न पचवतात ते विकर, वही मिटा, पुढचा धडा. मग मला मुलगी झाली आणि तिच्या शरीरात नेमका एक विकर नव्हता.

जन्मली तेव्हा सुईण घुटमळली. मुलगा म्हणावं की मुलगी, तिला ठरवता येईना. तीन आठवड्यांत लेकरू ओकून ओकून सुकलं. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मुलगीच आहे. मूत्रपिंडावर टोपीसारखी ग्रंथी असते, ती कोलेस्टेरॉलपासून टप्प्याटप्प्यानं संप्रेरकं बनवते, दर टप्प्याला वेगळा विकर. हिचा एक टप्पा अडलेला. म्हणून अंगात मीठ धरून ठेवणारं संप्रेरक बनत नाही, आजारपणात तग धरायला लागणारं बनत नाही, आणि तुंबलेला माल पुरुषी संप्रेरकांकडे वळतो. मला लगेच कळलं. धानाच्या एका बांधीची, म्हणजे खाचराची, वाट बुजली की पाणी शेजारच्या बांधीत घुसतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

उपाय एकच: रोज गोळ्या, पेजेत जास्तीचं मीठ, तेही जन्मभर. घरच्यांसाठी मराठीत लिहून द्या म्हटलं, तर डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, "शरीरात विकर नाही."

मुलगी दीड वर्षाची असताना मला सिंदेवाहीला तीन दिवस प्रशिक्षणाला जावं लागलं. नवरा चंद्रपूरला खाणीत नोकरीला. गोळ्या आणि डॉक्टरांची ती चिठ्ठी सासूबाईंच्या हाती दिली. चौथ्या दिवशी दुपारी परतले, तर लेकरानं मान टाकलेली आणि डबीतल्या गोळ्या जशाच्या तशा.

"तुह्या भासऱ्यानं चिठ्ठी वाचली न," सासूबाई म्हणाल्या. "डाक्टरनंच लिहून देल्लं, विकार नाई. मंग चांगल्या लेकराले गोळ्या काऊन द्याच्या?"

एका कान्यानं माझी मुलगी मरायला टेकली होती. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांच्याशी सुनेनं बोलायचं नाही, हा आमच्या घरचा रिवाज, आणि मी तो चार वर्षं मुकाट पाळला होता. त्या दुपारी पदर खोचला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"सायकल काढा. दवाखान्यात चला."

ते उठले. मी लेकराला घेऊन त्यांच्यामागे कॅरिअरवर बसले. गावानं पाहिलं. पाहू दे.

दवाखान्यातला तरुण डॉक्टर सलाईन लावून म्हणाला, जुलाब असतील, बघू. मी म्हटलं, स्टेरॉइडचं इंजेक्शनही द्या, आत्ता.

"बाई, डॉक्टर तुम्ही की मी?"

"तुम्हीच. पण हिच्या अंगात काय बनत नाही ते मला ठाऊक आहे. इंजेक्शन दिल्याशिवाय मी हलणार नाही."

मी पुढे केलेले नागपूरचे कागद वाचून त्यानं कुरकुरत दिलं. ऊन उतरेपर्यंत पोरगी खायला मागत रडू लागली. इतकं गोड रडणं मी आजवर ऐकलेलं नाही.

भासरे पायरीवर बसले होते. पहिल्यांदाच माझ्याशी बोलले. "मले वाटलं, डाक्टरचा काना सुटला. मीच वाचताना लावला."

मला त्यांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. चार वर्षांत एकदा जरी मी त्यांच्याशी बोलले असते, तर ती चिठ्ठी मीच त्यांना वाचून दाखवली असती.