नणंद गाडीत, वहिनी सायकलवर

वहिनी कवळ्या बनवायची. दवाखान्यांकडून तोंडाचे साचे यायचे, त्यावर ती मेण चढवायची, गुलाबी हिरड्या बसवायची, एकेक दात घासून गुळगुळीत करायची. दिवसभर मान खाली. पन्नाशी जवळ आली तशी मान आखडली, तेव्हा नणंदेनं तिला हाताला धरून मैदानात नेलं आणि सायकल शिकवली. नणंद वयानं मोठी, शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेली. गळ्यातली शिट्टी गेली, आवाजातली गेली नाही, म्हणून घरात तिच्या माघारी सगळे तिला 'शिट्टी' म्हणायचे.

ऐन थंडीत शहरातला सायकल क्लब लांब पल्ल्याची फेरी काढायचा. पहाटे निघायचं, डोंगर ओलांडायचा, तलावाला वळसा घालून अंधार पडायच्या आत परतायचं. शिट्टी दरवर्षी जायची. या खेपेला तिनं वहिनीचंही नाव परस्पर देऊन टाकलं.

"वन्सं, मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

नवरा हसला. "जा गं. ताईच्या मागे मागे राहिलीस की झालं."

ते तिला नवीन नव्हतं. माहेरी भावाच्या मागून, सासरी नवऱ्याच्या मागून, असंच तिचं आयुष्य गेलेलं. एकटीनं शेजारच्या गावालाही ती कधी गेली नव्हती.

निघाले तेव्हा धुकं इतकं दाट होतं की नणंदेच्या मागच्या चाकावरचा लाल दिवा तेवढा दिसत होता. वहिनीनं त्याच्यावरच नजर ठेवली. चढावर दोघी घामाघूम झाल्या. माथ्यावर पोचल्या आणि पावसाची बारीक भुरभुर सुरू झाली. ओल्या अंगानं उताराला लागल्यावर वारा हाडांत शिरला. बाकीचे सायकलवाले केव्हाच पुढे निघून गेले होते.

उतार संपता संपता लाल दिवा डुगडुगायला लागला. शिट्टी रस्त्याकडेच्या बसथांब्याशी थांबली, खरं तर कशीबशी टेकली.

"काय झालं, वन्सं?"

"काई नाई. थीक आये मी."

वहिनी सायकल टाकून जवळ गेली. कवळी काढलेल्या माणसांचं असं बोबडं बोलणं तिनं खूप ऐकलं होतं; पण वन्संचे दात शाबूत होते. गारठलेली बोटं तर जॅकेटची चेनही धरत नव्हती. वहिनीनं मग परवानगी विचारली नाही. तिला थांब्याच्या आत ओढलं, अंगावरचे ओले कपडे काढले, आपल्या पिशवीतला कोरडा स्वेटर चढवला, क्लबच्या माणसांना फोन लावला आणि गाडी येईपर्यंत तिला घट्ट कवटाळून बसली. इतक्या वर्षांच्या नात्यात दोघींनी एकमेकींना मिठी मारल्याचं कुणाला आठवत नव्हतं. सुरुवातीला शिट्टी थरथरत होती. मग हळूहळू तिनं डोकं वहिनीच्या खांद्यावर टाकलं.

मदतीची गाडी आली. गाडीवरच्या मुलीनं शिट्टीला ब्लँकेटात गुंडाळलं, गरम चहा दिला. दोन घोट पोटात गेल्यावर पहिला धड शब्द फुटला तो ओरडायलाच.

"स्वेटर मला दिलास, आता तू काय घालणार?"

मुलीनं आपलं जास्तीचं जॅकेट पुढे केलं. "तुम्हीही बसा ना, काकू. सायकली वर बांधते."

वहिनीनं एक पाय आत टाकलासुद्धा.

"तू कुठे निघालीस?" शिट्टी म्हणाली. "तुझे पाय चांगले आहेत. जा."

"एकटी?"

"रस्ता एकच आहे. चुकशील कुठे?"

वहिनीनं पाय मागे घेतला. जॅकेट घातलं आणि निघाली. काही वेळ तिची नजर सवयीनं लाल दिवा शोधत राहिली. समोर नुसता ओला रस्ता. मग धुकं उठलं आणि तलाव उघडा पडला, राखाडी आणि भलामोठा. ती आपल्याशीच मोठ्यानं बोलू लागली, "गिअर बदल. खांदे सोड. पाणी पी." एका वळणावर दोघे तरुण पंक्चर काढत बसले होते. "काही हवंय का?" असं तिनं थांबून विचारलं, त्यांनी नको म्हटलं, आणि ती त्यांना मागे टाकून पुढे गेली. तेव्हा मात्र तिला हसू आवरेना.

फेरी संपायची तिथं ती पोचली तेव्हा क्लबची माणसं टेबलं मिटत होती. ब्लँकेट पांघरलेली शिट्टी फाटकातच उभी.

"मान खाली घालून चालवत होतीस. लांबूनच दिसलं मला."

एवढं बोलून तिनं हँडल धरलं, कारण वहिनीला सायकलवरून उतरताच येत नव्हतं. दोघींचे डोळे भरून आले. दोघींनी वाऱ्याला दोष दिला.

आता रविवारी दोघी निघतात. कुठे जायचं ते बहुतेक वेळा वहिनी ठरवते. शिट्टी कुरकुरते, पण येते, आणि चढावर थांबून दम खायला लाजत नाही. गेल्या रविवारी वहिनीनं नदीपलीकडची नवी वाट धरली. पुढे वाट बंद निघाली, सायकली उचलून गुडघाभर चिखल तुडवावा लागला, आणि घरी पोचेपर्यंत दोघी कडाकडा भांडत होत्या.