ताणात मोजलेलं पाणी

सहदेवरावांना कौतुकाची भारी भूक. कोणी सहज म्हणावं, "काय मिशी हाये, बापा!" की त्या दिवशी हे आरशापुढून हलायचे नाहीत. मोर्शीकडच्या त्यांच्या गावानं त्यांना कालव्याच्या पाणी वापर संस्थेचं अध्यक्ष केलं, तेव्हा पार्बताबाईंनी, म्हणजे त्यांच्या घरच्यांनी, कपाळाला हात लावला होता.

डिसेंबरात अमरावतीहून पाटबंधारे खात्याच्या प्रणाली मॅडम आल्या. कोणतं गाव किती पाण्यात किती पिकवतं, याची तुलना करायचं काम त्यांच्याकडे होतं. कालव्यातून गावाची चारी फुटते तिथे त्यांनी यंत्र बसवलं, पंधरवडाभर पाणी मोजलं आणि चाट पडल्या. "एवढ्या संत्र्याला एवढंसं पाणी? कसं जमवता हो, काका?"

आता संत्र्याच्या मुलखातलं शेंबडं पोरही सांगेल, की आंबिया बहारासाठी या दिवसांत झाडांचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. झाड तहानलं, पानं मलूल झाली, की जानेवारीत भरपूर पाणी सोडायचं. मग ते फुलांनी लदबदतं. मॅडमनी नेमकं एकादशीच्या दिवशी गावाचं जेवण मोजलं होतं. सहदेवरावांनी एवढंच सांगायचं होतं. पण मॅडमच्या डोळ्यांत ते कौतुक! सहदेवरावांचा हात मिशीकडे गेला. "आमचं गाव आहेच तसं, मॅडम. थेंब वाया जाऊ देत नाही."

गाव पहिलं आलं. शाल, नारळ, फोटो. थंडीचं निमित्त करून सहदेवराव ती शाल पांघरूनच चौकात चहा प्यायले, तोही दोनदा.

जानेवारीत निरोप आला: ज्या गावाचं कमी पाण्यात भागतं, त्याला कालवा सुटायच्या या पाळीत निम्मंच पाणी, उरलेलं कालव्याच्या खालच्या तहानलेल्या गावांना.

"घ्या," पार्बताबाई म्हणाल्या, "आता थे शाल पिळा अन् झाडायले पाजा."

सहदेवराव तसेच एसटीनं अमरावतीला गेले. मॅडमसमोर उभं राहून सगळं सांगून टाकलं.

"काका, तेव्हा का नाही सांगितलं?"

यांचा हात सवयीनं मिशीकडे गेला आणि अर्ध्यातूनच खाली आला.

"मीही विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "पुन्हा मोजू. पण या पाळीचं पाणी वाटून झालंय. खाली गहू उभा आहे. त्यांच्या तोंडचं आता कसं काढू?"

सहदेवराव आले तसेच एसटीनं परतले.

चारीचा नियम असा, की शेपटाकडच्या शेतानं आधी घ्यायचं आणि तोंडाशी असलेल्यानं शेवटी. सहदेवरावांची बाग अगदी तोंडाशी. म्हणजे सगळं पाणी यांच्या धुऱ्यावरून, बांधाला लागून, यांच्याच झाडांना दिसत पुढे जाणार. बागेत पाणी घ्यायच्या दाराची किल्ली अध्यक्षांच्याच खिशात. गावानं ओळखलं, आता काय होणार ते. शेपटाकडचे म्हातारे नत्थुजी तर सकाळीच दाराजवळ येऊन बसले.

"काहून बसले इथं, नत्थुजी?"

"तुही शाल पाह्याले आलो, अध्यक्ष."

"थे घरी हाये."

"मंग तुलेच पाह्यत बसतो."

पार्बताबाईंनी नवऱ्याला बाजूला ओढलं. "अवो, झाडं मरून राह्यली आपली. थोडंसं दार उघडलं तं काय होते? म्हातारा बडबडन, अन् गप बसन."

"गावाचं पाणी माह्या तोंडानं गेलं," सहदेवराव म्हणाले. किल्ली खिशातच राहिली.

शेजारच्या धुऱ्यापर्यंत ओल आली आणि चारी आटली. प्रत्येकानं हात आखडून घेतलं, म्हणून गावची बाकी सगळी झाडं कशीबशी भिजली. यांची तेवढी राहिली. नत्थुजी तंबाखू मळत उभे होते. एवढा तिखट जिभेचा माणूस, पण त्या दिवशी मळलेली चिमूट सहदेवरावांच्या तळहातावर ठेवून निघून गेला.

पार्बताबाईंनी एक पान मुठीत दाबलं. त्याचा चुरा झाला.

"दुसऱ्या पाळीपर्यंत टिकतीन?"

"सांगता येत नाई."

तेवढ्यात मॅडमचा फोन आला. पुन्हा मोजायला कधी यायचं, विचारत होत्या.

"झाडं पाणी पेतीन तवा या," सहदेवराव म्हणाले. "अन् मॅडम, आल्यावर मले काही विचारू नका. नत्थुजीले विचारा."

पार्बताबाई गळालेली पानं पायानं सारत पुढच्या झाडाकडे गेल्या.