आईच्या कुरड्यांचा डबा फौजेचा निघाला

माळ्यावरचा आईचा लोखंडी डबा ब्रिटिश फौजेचा, थ्री नॉट थ्री रायफलीच्या गोळ्यांचा आहे. आमच्या मनीषनगरच्या सोसायटीतल्या निवृत्त सुभेदार वानखेडे काकांनी आज सकाळी झाकणावरची ब्रिटिश सरकारी मालावर असायची ती बाणाची खूण आणि आकडे पाहून तसं खात्रीने सांगितलं.

बाबांनी तो कधीतरी भंगारातून आणला होता. आई त्यात उन्हाळ्यात केलेल्या कुरड्या ठेवायची. ती गेल्यापासून डबा वरच राहून गेला होता, तो आज खाली काढला.

काकांनी डबा हलवल्यावर आत काहीतरी खुळखुळलं आणि मी मागे सरकलो.

"काहून घाबरून राहिला गा? गोळ्या इतक्या हलक्या असतेत का?" काका हसले आणि त्यांनी कडी उघडली.

आत आईने केलेल्या शेवटच्या कुरड्या होत्या. झाकण इतकं घट्ट बसणारं, की त्यांना ओलही लागली नव्हती.

पारशिवनीला बहिणीला फोन केला. ती आधी रडली. मग म्हणाली, "दादा, मी आल्याबिगर तळू नको गा."

तळल्या तर एका जेवणात संपतील. ठेवल्या तर नुसत्या बघत बसायचं. तुम्ही काय केलं असतं?

ती उद्या सकाळच्या बसने येते आहे. मी तेल आणून ठेवलं आहे.