न जळणारी गादी

आमच्या बिबवेवाडीच्या घरी पाहुणा आला की चहाआधी त्याला एक प्रयोग बघावा लागे. आमचे हे फोमचा तुकडा चिमट्यात धरत, त्याला काडी लावत आणि म्हणत, "बघा! काळा पडला, पण पेटला का?" पाहुणा 'नाही' म्हणाला की मगच मी आधण ठेवायचे.

यांनी सगळी नोकरी फोमच्या कारखान्यात काढली. फोमने पेट घेऊ नये म्हणून त्यात रसायन मिसळायचं काम यांच्याकडे होतं. कापून उरलेला माल कामगारांना घरी नेता येई. इतर लोक त्यातून एखादी उशी करत. यांनी दिवाणाची गादी केली, खुर्च्यांच्या बैठका केल्या, माझ्या शिवणयंत्रासमोरच्या स्टुलालाही सोडलं नाही. घराला आग लागली असती तर आमचं सगळं गेलं असतं, पण बसायची सोय राहिली असती.

गेल्या वर्षी नात रांगायला लागली. तोवर गादीची शिवण उसवून आतून पिवळा भुगा गळू लागला होता. नात तिथेच पालथी पडून चादर चोखायची. आमची सून प्रयोगशाळेत काम करते. एका रविवारी तिने तो भुगा बोटावर घेतला आणि विचारलं, "बाबा, ह्यात कुठलं केमिकल आहे?"

अखेर कुणी गुणग्राहक भेटलं, असं यांना वाटलं. त्यांनी रसायनाचं नाव अगदी सविस्तर सांगितलं. सुनेचा चेहरा उतरला.

"हे फोममध्ये कायमचं राहत नाही, बाबा. हळूहळू बाहेर येतं, घरातल्या डस्टमध्ये मिसळतं. ही दिवसभर जमिनीवर असते आणि हात सारखा तोंडात. असली काही जुनी केमिकल्स बऱ्याच देशांनी बंद केलीयेत."

"आणि आगीत माणसं जातात, त्याचं काय?"

"ते खरंय. पण आपल्याकडे आग कधी लागली नाही, बाळ मात्र रोज आहे."

हे रुसले. दोन दिवस त्याच गादीवर ठाण मांडून पेपर वाचत होते. तिसऱ्या दिवशी स्वतःच उठले आणि मोठ्या उदारपणे म्हणाले, "वॉचमनला देऊन टाकतो."

"त्याच्याही घरी बाळ आहे, बाबा."

"मग कचऱ्यात जाऊ दे."

"काडीला दाद देत नसेल, पण कचऱ्याच्या ढिगाला आग लागली की ही पेटणारच. आणि तो धूर फार वाईट."

"मग काय खडकवासल्याच्या धरणात बुडवू?"

"तेच पाणी पितो आपण," सून म्हणाली.

जन्मभर जी वस्तू जळू नये म्हणून हा माणूस झटला, ती आता टाकायची कुठे, हे त्याला कळेना. मला हसू आवरेना. शेवटी सगळा फोम जाड प्लॅस्टिकमध्ये बांधून गच्चीवर ठेवला. त्याची नीट विल्हेवाट कोण लावतं, याची चौकशी सून करत होती. आम्ही सतरंजीवर आलो.

त्याच दुपारी ओल्या फडक्याने फरशी पुसता पुसता तिने सहज विचारलं, "मिसळताना हातमोजे असायचे का हो, बाबा?"

"कसले हातमोजे! पावडर ती, हातानेच घ्यायची. शर्ट पांढराफेक व्हायचा."

"आणि तो शर्ट कोण धुवायचं?"

"मी," मी म्हणाले. "तुझा नवरा तान्हा होता तेव्हा, त्याचे लंगोट असायचेच भिजवलेले. त्याच बादलीत टाकायचे."

सुनेने फडकं खाली ठेवलं. "आई, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं," ती म्हणाली. हे आपल्या तळहातांकडे बघत बसले. त्यांची कीव आली आणि स्वतःचा संतापही आला.

संध्याकाळी मुलगा घरी आला. तो बूट काढत होता तोच हे दाराशी जाऊन उभे राहिले.

"तुला काही होत नाही ना रे?"

मुलगा हसला. "अहो बाबा, चाळिशीला आलो मी. आज विचारताय?"

"हो," हे म्हणाले. "आज विचारतोय. सांग."