बनाक्काचे नियम आणि ‘का?’चं बटण

राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत लग्नं दोन ठिकाणी ठरतात, वर आणि बनाक्काच्या बाहेरच्या खोलीत. वरचा निर्णय बनाक्का फिरवू शकते, असंही लोक म्हणतात. मूळची कोडोलीची ही बाई निम्मी हयात सोयरिकी जुळवत आलीय. पैसे घेत नाही. साडी घेते, आणि साडी मनासारखी नसली तर तेही तोंडावर सांगते.

पण तिची खरी कला जुळवण्यात नाही, मोडण्यात. नकार तिनं आजवर कुणाला दिलेला नाही. ‘‘पोरगी सोन्यावाणी हाय, पण पत्रिका जुळत न्हाय बघा,’’ एवढंच म्हणते. लोक ग्रहांना शिव्या घालत आणि बनाक्काला दुवा देत घरी जातात. दुसऱ्याच्या बाबतीत हे वाक्य सगळ्यांना खोटं वाटतं, स्वतःच्या बाबतीत कुणालाच नाही.

तिच्या भावाचा मुलगा ऋतुराज कॉम्प्युटरचं मोठं शिक्षण घेतो. विषय मात्र त्यानं जुनापुराणा धरला. पन्नास वर्षांमागं अमेरिकेत संशोधक डॉक्टरांशेजारी बसून त्यांचं डोकं उपसायचे. अमुक लक्षण दिसलं तर तमुक समजावं, असे शेकड्यांनी नियम मशीनमध्ये भरायचे. मशीन प्रश्न विचारून रोग सांगायचं, आणि ‘का?’ म्हटलं की ज्या नियमानं उत्तर काढलं तो नियमच समोर ठेवायचं. आजच्या हुशार मशीनला आपलं कारण धड सांगता येत नाही, त्या जुन्याला येत होतं, हे ऋतुराजला दाखवून द्यायचं होतं. त्यासाठी एक तज्ज्ञ हवा होता. तो घरातच सापडला.

सुरुवातीला बनाक्काच्या तोंडून काही निघेना.

‘‘आत्ती, स्थळ बघताना मनात पहिलं काय येतं?’’

‘‘काय येतंय? देवाचं नाव.’’

मग ऋतुराजनं त्या संशोधकांचीच युक्ती काढली. नियम विचारायचा नाही, घडलेलं प्रकरण काढायचं. अमक्यांना तमकी का दाखवली नाहीस? आता बनाक्का अशी खुलली की थांबेना.

‘‘बैठकीत आईच बोलत आसंल आनि बाप नुस्ता पंख्याकडं बघत आसंल, तर ती पोरगी एकत्र घरात देऊ नये. पोरगी आईवरच जाती. सासूचं आनि तिचं म्हयन्यात वाजतंय.’’

‘‘मग त्यांना काय सांगतेस?’’

‘‘पत्रिका जुळत न्हाय म्हणून सांगायचं. आनि काय सांगणार?’’ मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘‘ह्ये भायेर जाता कामा न्हाय हां.’’

‘‘कुणाही घराचं नाव मशीनमध्ये जाणार नाही, आत्ती.’’

ऋतुराजनं शब्द पाळला. कुठल्याच घराचं नाव गेलं नाही.

कॉलेजात प्रदर्शन भरलं तेव्हा गल्ली लोटली. बनाक्का मशीनमध्ये बसलीय म्हटल्यावर कोण घरी थांबतंय? ती स्वतः नवी इरकल नेसून पुढच्या खुर्चीत बसली होती. समोरच्या घरातली राजनंदिनी नवऱ्याला, अमरसिंहला, आणि लेकीला घेऊन आली. या लेकीची, स्नेहलची, पत्रिका काही वर्षं कुठंच जुळत नव्हती. ग्रहांची शांत झाली होती, सोमवारचे उपास झाले होते, बोटात पुष्कराज चढला होता.

‘‘बघू तरी, मशीनची बनाक्का काय म्हणतीया,’’ म्हणत राजनंदिनी पडद्यापुढं बसली आणि पटापट उत्तरं देऊ लागली. मध्येच प्रश्न आला, बैठकीत मुलीचे वडील बोलतात का?

‘‘बोलतात की,’’ राजनंदिनी म्हणाली.

सगळ्यांनी अमरसिंहकडं पाहिलं. त्यानं शांतपणे हात लांब केला आणि ‘नाही’वर बोट दाबलं. लग्न झाल्यापासून त्यानं मांडलेलं हे पहिलंच मत, असं नंतर गल्लीत ठरलं.

पडद्यावर आलं, ‘एकत्र कुटुंबातलं स्थळ दाखवू नये.’ लोक हसत होते. स्नेहलनं ‘का?’चं बटण दाबलं.

‘मुलीची आई बोलत असेल आणि वडील गप्प असतील, तर मुलगी आईवर गेली असं समजावं. अशा वेळी पत्रिका जुळत नाही असं सांगावं. तज्ज्ञ: बनाबाई, कोडोली.’

हसणं थांबलं.

‘‘मावशी,’’ स्नेहल म्हणाली, ‘‘माझी पत्रिका उघडून तरी बघितलीसा का कधी?’’

‘‘बघितली की गं बाळ.’’ आवाज नेहमीचाच होता, मायेचा. तिथंच घात झाला. तो आवाज सगळ्यांनी आपापली पत्रिका जुळत नसताना ऐकलेला होता.

त्यानंतर बनाक्काचा फोन थांबेना. कबनूरचा सयाजी विचारतो, ‘‘आक्का, आमच्या पोराला खरंच मंगळ हुता, का आमच्यातच काय खोट?’’ दुसऱ्या एका घरच्या पोराला मंगळ खरोखर होता. तिनं देवाशपथ सांगितलं, तर ते तिकडून हसले. स्नेहलसाठी तिनं पुण्याचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं, मुलगा एकटा राहणारा, खराखुरा चांगला. ते घेऊन गेली तर स्नेहल दारातच म्हणाली, ‘‘स्थळ झ्याक आसंल, मावशी. तुमच्या तोंडून नको.’’

अशात ऋतुराज पेढे घेऊन आला. परीक्षक खूश होते.

‘‘माझं नाव का घातलंस?’’

‘‘मानानं घातलं, आत्ती. तज्ज्ञाचं नाव द्यावंच लागतं.’’

‘‘मी तज्ज्ञ म्हणून सांगिटलं व्हय तुला? भावाचा पोरगा म्हणून सांगिटलं.’’

‘‘मशीनला लपवता येत नाही गं. विचारलं की सांगणारच.’’

‘‘माझं सगळं शिकवलंस त्याला. गप कवा बसायचं तेवढंच शिकवलं न्हाईस.’’

ऋतुराजनं पेढ्यांचा पुडा तिच्यापुढं सरकवला. मग हळूच म्हणाला, ‘‘सर म्हणतात, नियम अजून वाढव. पुढच्या आठवड्यात बसू या?’’

बनाक्कानं त्याच्याकडं नीट पाहिलं. या पोराला तिनं कडेवर घेऊन जत्रा दाखवल्या होत्या.

‘‘संपलं की रं बाळ,’’ ती मायेनं म्हणाली. ‘‘हुतं तेवढं सगळं तुला दिलं. आता माझ्यापाशी काय न्हाय.’’

ऋतुराजला ते खरं वाटलं.