परवा दुखेल

सोफेवालीनं जिममध्ये नाव नोंदवलं ते तब्येतीसाठी नव्हे. तब्येत तिची ठणठणीत होती; रागानं तर ती आणखीच टवटवीत झाली होती. तिला त्या जिमच्या सरांवर सूड उगवायचा होता, आणि माणूस जिथे सापडतो तिथेच जाऊन त्याला गाठावं, इतका तिचा साधा विचार होता.

तिचं दुकान म्हणजे एक लांबट शेड. दारात फाटके सोफे, आत फोमचे तुकडे, आणि सगळीकडे बारीक भुसा. जुनी बैठक उसवून ती नव्यानं बांधायची. बैठकीखाली इलॅस्टिकच्या रुंद पट्ट्या असतात, त्या ताणून बसवणं हे तिचं खास काम. डाव्या हातानं पट्टी ओढून धरायची, उजव्या हातातल्या स्टेपलगननं लाकडात पिना ठोकायच्या. हल्ली प्रत्येक पट्टीच्या जागी तिला सरांचा कान दिसायचा. पट्ट्या इतक्या कडक बसायला लागल्या की एक गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं. "ताई, सोफा चांगला झालाय हो, पण बसलं की उडायला होतं."

घडलं होतं ते असं. तिच्या एकुलत्या एक लेकीला अग्निशमन दलात जायचं होतं. लेखी परीक्षा पास झाली होती, मैदानी चाचणी राहिली होती. ओल्या पाइपचं जाडजूड भेंडोळं खांद्यावर घेऊन जिने चढायचे. त्यासाठी लेकीनं रस्त्याच्या टोकाची जिम धरली. तिथले सर एवढे रुंद की पोरं त्यांना पाठीमागे 'कपाट' म्हणायची. कपाटाची पद्धत एकच होती : कालच्यापेक्षा आज जास्त वजन. मध्ये विश्रांती नाही, हलकं काही नाही. "दुखतंय म्हणजे वाढतंय!" हे ते कॉलरला लावलेल्या माइकवरून ओरडायचे. लेक म्हणाली, "सर, खांद्यात आत काहीतरी टोचतंय." सर म्हणाले, "टोचायलाच हवं."

त्या जिममध्ये रविवारचा एक खेळ होता, 'मागेल ते'. कुणीही पुढे येऊन व्यायामाचा एक प्रकार मागायचा, सरांनी तो त्याच्या बरोबरीनं करायचा. नियम मागणाऱ्याचे. जो आधी थांबेल त्यानं जिंकणाऱ्यानं दिलेलं एक वाक्य माइकवर मोठ्यानं म्हणायचं. लोक इरेला पेटून वजनच मागायचे, आणि वजनात सरांना कोण हरवणार? त्यामुळे दर रविवारी कुणीतरी माइकवर "मी उकडलेला बटाटा आहे" म्हणायचं आणि हॉल हसायचा.

चाचणी अगदी जवळ आली होती, तेव्हा सरांनी लेकीला स्वतःहून या खेळात पुढे ढकललं. डोक्यावर वजनांचा दांडा उचलताना तिच्या खांद्यात काहीतरी फाटलं. दांडा खाली, ती खाली. एका हातानं दुसऱ्या हाताचं कोपर धरून उभी राहिली, तर सरांनी वाक्य दिलं, "माझा खांदा मुळातच कच्चा आहे." तिनं ते म्हटलं. लोक हसले. तीही हसली.

आतला स्नायूबंध अर्धा फाटला होता. चाचणी गेली. फिजिओबाईंच्या हाताखाली खांदा हळूहळू सुधारला, पण ते वाक्य काही जाईना. वरच्या फळीवरचा डबा काढायचा झाला की लेक म्हणायची, "तू काढ. माझा कच्चाच आहे ना." पुढच्या भरतीची जाहिरात आली, तिनं ती वाचून बाजूला सारली. "कच्च्या माणसांना घेत नाहीत तिथे." लेकीनं हात वर केला की आईचा श्वास अडकायचा, आणि हात खाली आला की दातावर दात बसायचे. तिला सरांचं हाड मोडायला नको होतं. तिला ते वाक्य त्यांच्या घशात परत घालायचं होतं, त्याच माइकवरून, त्याच हॉलमध्ये.

लेकीला न सांगता तिनं जिम सुरू केली. नवऱ्याला तेवढं सांगितलं. तो म्हणाला, "कपाटाला स्टूल धडकणार म्हणायचं."

"स्टूल माझ्या हातचं आहे," ती म्हणाली. "मोडत नाही."

सरांनी तिला ओळखायचं कारणच नव्हतं. "या मावशी! काय करायचंय, वजन कमी?"

"वजन उचलायचंय."

सर खूश. लगेच तिच्या हातात जड डंबेल्स दिले. सोमवारी तिनं ते दणादण उचलले. मंगळवारी खांदे जरा अवघडले, तर तिला वाटलं, एवढंच? आणि बुधवारी तिला केस विंचरता येईनात. कंगवा कानापर्यंत जायचा आणि तिथून पुढे हात कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा लटकायचा. हे दुखणं उशिरानं येतं, आणि आलं की वाजतगाजत येतं, हे तिनं तेव्हाच मनाशी पक्कं करून ठेवलं.

पण जिद्द मोठी. काही आठवड्यांत ती पहिल्याच्या दुप्पट वजन उचलायला लागली. आरशात दंड मात्र होता तसाच. आपण तयार होतोय असं तिला वाटत होतं, तोवर एके दिवशी फळीवरून परात काढताना तिचा उजवा हात अर्ध्यातच थांबला.

लेक ओट्यापाशी उभी होती. तिनं हातातलं भांडं ठेवलं. "आत टोचतंय का?"

"छे."

"आई. आत टोचतंय का?"

मग सगळं बाहेर आलं. लेक संतापली. "तू त्याच माणसाकडे जातेस? तेच करतेस? माझ्याकडे बघून तुला काहीच कळलं नाही?"

"तुझ्याकडे बघूनच जातेय."

"दाखव दंड. बघ, वाढलाय का? नाही. वजन दुप्पट आणि दंड तेवढाच. कारण अजून मांस वाढलेलंच नाही, फक्त मेंदूला कळलंय की कुठकुठले स्नायू एकदम कामाला लावायचे. ते लवकर जमतं. मांस त्याच्यामागून येतं. आणि हाडाला धरून ठेवणारा तो स्नायूबंध सगळ्यात शेवटी. त्याला रक्तच कमी मिळतं, तो घाई करूच शकत नाही. फिजिओबाईंनी मला हज्जारदा सांगितलंय. सर पहिले दोन बघून वजन वाढवतात. तिसऱ्याला कुणी विचारतच नाही. माझा तिसरा…"

ती थांबली.

"म्हणजे कच्चा नव्हता," आई म्हणाली.

परात लेकीनंच काढली, डाव्या हातानं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली ती फिजिओबाईंची रबरी पट्टी घेऊन. पातळ, पिवळी. आई म्हणाली, "याच्याहून जाड तर मी सोफ्याला लावते."

"मग ही सोपीच जाणार. दोन्ही हात समोर, खांद्याच्या उंचीला. पट्टी छातीला टेकेपर्यंत बाजूला ओढ. थांब. आता परत आण. हळू. अगं हळू! ओढताना सगळेच शूर असतात."

डावा हात लोखंडासारखा स्थिर, उजवा झाडाच्या फांदीसारखा हलत होता. सोफेवाली चाट पडली. एवढी वर्षं पट्ट्या ताणल्या, त्या डाव्यानंच. उजव्यानं नुसत्या पिना मारल्या. ज्याच्याकडून जे मागितलं तेवढंच त्यानं शिकून घेतलं होतं.

"हे बघ," लेक म्हणाली, "वजन उचलण्यापेक्षा ते आवरत, अडवत खाली आणणं स्नायूला जास्त लागतं. त्यातच तो सोलून निघतो, आणि त्यातूनच भरून येतो. पण सवय हवी. सवय नसेल तर परवा रडायची पाळी."

सोफेवालीच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "सर कधी हळू सोडतात?"

लेकीनं आठवून पाहिलं. "कधीच नाही. वर नेतात आणि धाडकन टाकतात. तो आवाज आवडतो त्यांना."

मायलेकी एकमेकींकडे पाहत राहिल्या. आणि कितीतरी दिवसांनी लेक हसली. छान गोड वगैरे नव्हे, चांगलं दुष्ट हसली.

तिथून पुढे दुकान बंद करायच्या आधी पट्टी. ओढायची, धरायची, हळू सोडायची. एक दिवस आड विश्रांती, त्यावर भांडणं. "आज करते ना गं." "आज नाही. आज आतलं भरून येतंय, त्याला येऊ दे." नवरा फोमवर बसून शेरे मारायचा. "सूड असतो तर असा, एक दिवस आड." आधी उजव्याची थरथर कमी झाली. मग टोचणं गेलं. खूप उशिरानं एकदा आरशात तिला खांद्याच्या मागे एक बारीक रेघ दिसली. तिला ती लेकीच्या पहिल्या दाताइतकी आवडली.

त्या रविवारी सरांनी आधीच दोन पोरांना जड दांड्यावर हरवलं होतं. घाम पुसत ओरडले, "अजून कोण? मागेल ते!"

"मी," सोफेवाली म्हणाली.

"अरे, मावशी! वाहवा! किती किलो काढू?"

तिनं पिशवीतून दोन पिवळ्या पट्ट्या काढल्या.

हॉलभर हशा पिकला. सरांनी पट्टी हातात धरून लोकांना दाखवली. "ही तर माझ्या पुतणीची केस बांधायची!"

"नियम माझे," ती म्हणाली. "ओढायची, धरायची, हळू सोडायची. मोजणार ही." आणि दारातून लेक आत आली.

सरांनी लेकीकडे पाहिलं, मग सोफेवालीकडे. हसू तोंडावर तसंच राहिलं, पण त्यातला जीव गेला.

लेक मोजायला लागली. घड्याळालाही कंटाळा येईल इतकं संथ. पहिल्या काही फेऱ्या सर माइकवर विनोद करत होते. "झोप येतेय मावशी!" मग त्यांनी पट्टी फटकन सोडली. लेक म्हणाली, "हळू, सर. नियम." मागून दांड्यावर हरलेला एक पोरगा म्हणाला, "नियम मागणाऱ्याचे, सर." विनोद कमी झाले. मग बंद झाले. मग माइकवरून नुसता श्वास यायला लागला, सगळ्या स्पीकरमधून, हॉलभर. ते प्रचंड हात स्वतःच्याच ओझ्यानं खाली यायला लागले. खांद्यांच्या मागचे बारके स्नायू, ज्यांच्याकडे आजवर कुणी काही मागितलंच नव्हतं, ते आता कातडीखाली उंदरासारखे धावत होते.

सोफेवालीचीही गत फार वेगळी नव्हती. उजवा पेटला होता. पण समोर सरांचा कान होता, खराखुरा, लालभडक. तिनं मनातल्या मनात पट्टी त्या कानाला लावली आणि ओढली.

"…आणि हळू…" लेक म्हणाली.

सरांच्या हातातून पट्टी निसटली. टप्पकन त्यांच्याच हनुवटीवर बसली.

"चला, टाळ्या! मावशींसाठी टाळ्या!" सर घाईघाईनं म्हणाले.

"वाक्य राहिलं."

"बोला ना. मी बटाटा आहे?"

तिच्याकडे कितीतरी वाक्यं तयार होती. एकेक पट्टी ताणताना रचलेली, काही तर लेकीसमोर उच्चारता येणार नाहीत अशी. तिनं त्यातलं एकही काढलं नाही. म्हणाली, "तिचा खांदा कच्चा नव्हता. तो मी फाडला."

सर पुटपुटले. स्पीकर खरखरला.

"ऐकू आलं नाही," सोफेवाली म्हणाली.

सरांनी पुन्हा म्हटलं. या वेळी नीट. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. एका बाईनं हातातला डंबेल खाली ठेवला, तो आवाजसुद्धा मोठा वाटला. सोफेवालीला वाटलं, झालं. पण शेजारून लेकीचा आवाज आला, थंड, अगदी आईच्याच वळणाचा.

"पुन्हा."

आणि सरांनी तिसऱ्यांदा म्हटलं.

परतताना लेकीनं पिशवी आईकडून काढून घेतली आणि दुखऱ्या खांद्यावर टाकली. आईचा श्वास अडकला. तिनं पिशवी परत मागितली नाही. चालता चालता लेक म्हणाली, "भरतीची ती जाहिरात कुठे ठेवलीयस गं?"

"कपड्यांच्या कपाटात," आई म्हणाली, आणि दोघी रस्त्यातच वेड्यासारख्या हसत सुटल्या. मग आईनं विचारलं, "सरांना जोरात दुखत असेल का गं?"

"आज? छे. उद्या थोडं. परवा बघ."

मंगळवारी सकाळी सोफेवालीनं दुकान उशिरा उघडायचं ठरवलं. जिमच्या समोरच्या टपरीवर चहा घेऊन ती उभी राहिली. सर आले. कुलूप काढलं, वाकून शटर कमरेपर्यंत उचललं. तिथून पुढे ते वर ढकलायचं होतं. हात छातीपर्यंत गेले आणि थांबले. त्यांनी खांदा फिरवून पाहिला, इकडेतिकडे पाहिलं, पुन्हा हात घातला. शटर खाली आलं. धाडकन.

तिनं चहा संपवला. कप ठेवला. रस्ता ओलांडून त्यांच्या शेजारून जाताना जरा थांबली.

"दुखतंय म्हणजे वाढतंय, सर," ती म्हणाली, आणि शटरला हात न लावता पुढे गेली.

दुकानात एक आरामखुर्ची उलटी पडली होती. तिनं नवी पट्टी कापली, आज उजव्या हातात धरली, आणि ताणली. कान अजून दिसत होता. राहू दे म्हणाली, आणि पिन मारली.