डोंगराला बांधलेली दोरी

आमच्या सोलापूरकडच्या माणसाला जमिनीची भीती वाटत नाही. पाऊस न पडण्याची वाटते, उन्हाची वाटते, लाइटबिलाची वाटते. जमीन मात्र काळी, सपाट आणि जागच्या जागी असते. उन्हाळ्यात तिला वासराचा पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, आणि पाऊस झाला की माती फुगून त्या आपोआप बुजतात. माझे मिस्टर बार्शीजवळच्या खेड्यातले. लहानपणी ते त्या भेगांत चिंचोके टाकत खेळलेत. भेग दिसली की त्यांना घर आठवतं. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं.

माझी धाकटी बहीण साताऱ्याच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका वाडीवर शाळेत शिक्षिका आहे. तिचे यजमान नोकरीला परगावी, म्हणून ती आणि तिची पहिलीतली मुलगी अशा दोघीच तिथे भाड्याच्या घरात राहायच्या. श्रावणात मला सुट्ट्या जोडून आल्या, तेव्हा मी आणि मिस्टर तिच्याकडे गेलो. मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात स्टोअर सांभाळते, त्यामुळे यादी केल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही. ज्वारीचं पीठ, शेंगाचटणी, जाड टॉवेल, मेणबत्त्या, आणि गठ्ठे बांधायची निळी दोरी. कपडे वाळत घालायला धड दोरी नाही, असं बहीण फोनवर म्हणाली होती.

घर वाडीपासून जरा वर, एकटंच होतं. डोंगराची कड उभी कापून जागा सपाट केलेली. त्यामुळे स्वयंपाकघराच्या मागे, भांडी घासायच्या जागेसमोर, डोंगराचं पोट उघडं होतं. पहिल्या संध्याकाळी भांडी घासता घासता मी ते बघत बसले. वर कुजक्या पानांचा काळसर थर. त्याखाली तपकिरी, भुसभुशीत माती, आणि तिच्यात मातीपेक्षा दगड जास्त. नदीतल्यासारखे गोल नव्हेत, धारदार कोपऱ्यांचे. काही मुठीएवढे, काही पाट्याएवढे. दगडांमधल्या फटींतून मुळं पुढे सरकलेली. जसजसं खाली बघावं तसतशी माती कमी आणि दगड जास्त. अगदी तळाला काळा, ओला कातळ, घराच्याच दिशेला उतरता. हा सगळा थर माझ्या खांद्यालाही लागला नसता, आणि त्यावर एवढं मोठं जंगल उभं होतं. तिरक्या धरलेल्या ताटात भिजवलेले हरभरे ठेवावेत, तसं मला ते वाटलं.

मिस्टरांनी मूठभर माती काढून दाबली. गोळा होईना.

"ही माती हाय का खडी?"

"जंगलातली माती अशीच असते, दाजी," बहीण हसून म्हणाली. "आणि फायदा बघा की. केवढा पाऊस पडतो, पण चिखल म्हणून नाही. पाणी सरळ आत जातं."

"आत जाऊन कुठं जातं?" मी विचारलं.

"ताई, तू आल्या आल्या तपासणी सुरू करू नकोस. इथं स्टोअर नाहीये तुझं."

मी निळ्या दोरीचं एक टोक मागच्या खिडकीच्या गजाला बांधलं आणि दुसरं वर, कापलेल्या कडेवरच्या झाडाला. तारेसारखी ताठ केली. ही दोरी भिजली म्हणून सैल पडत नाही, मी वर्षानुवर्षं तिचे गठ्ठे मोजून घेतलेत.

सकाळी भाचीच्या फ्रॉकची झालर जमिनीला टेकली होती.

"गाठ सरकली असंल," मिस्टर म्हणाले.

"माझी गाठ सरकत नाही."

"व्हय, संसाराची न्हाय सरकली एवढ्या वर्षांत, ही कशी सरकंल?"

बहीण खदखदून हसली. मीही हसले, आणि दोरी पुन्हा ताणून बांधली. दोन्हीकडच्या गाठी जशाच्या तशा होत्या, हे मात्र मी बघितलं.

पाऊस थांबतच नव्हता. दुपारी मिस्टर छत्री घेऊन मागच्या जंगलात चक्कर मारून आले आणि खुशीत म्हणाले, "अगं, हितं बी भेगा हायत की! झाडांच्या मधनं ही एवढी लांब. गावाकडं आल्यासारखं वाटलं."

मी पोळ्या लाटत होते. लाटणं तिथंच थांबलं.

"अहो, आपल्याकडं भेगा कधी पडतात?"

"उन्हाळ्यात."

"आणि आत्ता काय चाललंय?"

दाराबाहेर पागोळ्या धो धो गळत होत्या.

मी त्यांना घेऊन वर गेले. चढ इतका उभा की एका झाडाला धरून दुसऱ्या झाडाकडे जावं लागत होतं, आणि पाय ठेवला की पानांखालचे दगड घरंगळायचे. भेग मला लांबून दिसलीच नाही, पानांनी झाकलेली होती. जवळ गेल्यावर दिसलं, की तिच्या दोन्ही काठांमध्ये बारीक मुळं ताणलेली आहेत, कारखान्यात मागावर ताण्याचे उभे धागे असतात तशी. काही तुटली होती, तुटलेली टोकं पांढरी आणि ताजी होती. वरून वाहत येणारं पाणी त्या भेगेत शिरत होतं आणि परत कुठेच दिसत नव्हतं. खालचा काठ वरच्यापेक्षा उतरलेला होता. त्या खालच्या काठावरच ते दोरीचं झाड होतं, आणि त्याच्याखाली घराचे पत्रे.

घरी आल्यावर मी मागचा झरा बघितला. कातळाच्या वरून पाणी झिरपायचं, बहीण ते भांड्यांना वापरायची. काल ते स्वच्छ होतं. आज तांब्यात धरलं तर चहासारखं. मी तांब्या तसाच घेऊन आत गेले.

"इथून निघायचं," मी बहिणीला म्हणाले. "आजच."

"आणि घरमालकांना पुण्याला फोन करून काय सांगू? दोरी ढिली झाली म्हणून घर सोडलं?"

"हो. दोरी ढिली, कारण झाड घराकडं येतंय. असंच सांग."

"ताई, इथं घर मिळायला मला किती हिंडावं लागलं, माहितीये? वाडीतल्या बायका आधीच म्हणतात, बाई सोलापूरच्या, पावसाला भितात. मी तीन पावसाळे काढले इथं."

"तुझ्या दाजींना विचार."

"मला तर साधी भेगच वाटती," मिस्टर म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

त्या रात्री मी भाचीला मुद्दाम पुढच्या खोलीत, दाराजवळ झोपवलं. मला झोप लागली नाही. वरून अधूनमधून एखादा दगड सुटायचा, पत्र्यावर आपटायचा, आणि मग नुसता पाऊस.

सकाळी बहिणीची शनिवारची शाळा होती. ती निघण्याआधी मी दोरी सोडून तिच्या हातात दिली. "तूच बांध. तुझ्या हातानं, तुला हवी तेवढी ताण. शाळेतून आलीस की बघू. ताठ असली तर मी पुन्हा बोलणार नाही."

तिनं चिडून इतकी ओढून बांधली, की दोरीला बोट लावलं तर आवाज यावा. दुपारी ती आली, छत्री न मिटताच मागे गेली आणि तिथेच थांबली. दोरी मधोमध लोंबत होती. तिनं आधी खिडकीची गाठ बघितली, मग झाडाची. मग माझ्याकडे बघितलं. लहानपणी जत्रेत हरवली होती, तेव्हा सापडल्यावर तिचा चेहरा असा होता.

"काय काय घ्यायचं?" ती म्हणाली.

यादी मला तोंडपाठ होती. मुलगी, कागदपत्रं, औषधं, कपडे, पीठ. बाकी राहू दे. बहिणीनं पोलीस पाटलांना फोन केला, त्यांनी मागची पाऊलवाट बंद करायला माणसं पाठवली. आम्ही भाताच्या खाचरांच्या बांधांवरून ओढ्यापलीकडच्या शाळेत गेलो. भाचीला मी बाकावर बसवून अंग पुसत होते, तेवढ्यात लक्षात आलं, मिस्टर नाहीत.

"दाजी गॅसची टाकी आणायला गेले," बहीण म्हणाली. "म्हणाले, बायकांनी चूल कशी पेटवायची इथं."

मी व्हरांड्यात आले. घर समोर दिसत होतं. ओरडून उपयोग नव्हता, पावसात माझा आवाज ओढ्यापर्यंतही पोचला नसता. तरी मी ओरडले. ते दारातून बाहेर आले, खांद्यावर टाकी. तेव्हाच मागची झाडं हलली. वाऱ्याने हलतात तशी नाही. सगळी एकदम, उभीच्या उभी, खाली निघाली. आवाज नंतर आला. कारखान्याच्या शेडमधले सगळे माग एकदम सुरू झाल्यासारखा, आणि तो थांबेना.

मी डोळे मिटले नाहीत, एवढंच मला आठवतं. त्यांनी टाकी टाकली आणि खाचरात उडी मारली. मग मला फक्त त्यांचं डोकं दिसत होतं, मग तेही नाही, मग पुन्हा दिसलं. ते धावत आले, एका पायात चप्पल, गुडघे फुटलेले. व्हरांड्याच्या पायरीवर बसले. मी त्यांना रागावायचं ठरवलं होतं. त्याऐवजी पदरानं त्यांच्या पाठीवरचा चिखल पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी लांबूनच बघितलं. घराची मागची भिंत गेली होती, स्वयंपाकघरात ओट्यापर्यंत दगड होते. दोरीचं झाड खिडकीवर आडवं पडलेलं, दोरी अजून बांधलेली. वर, जिथं जंगल होतं तिथं, धुऊन काढल्यासारखा काळा कातळ. माती सगळी गेली होती. फार नव्हतीच ती.

या उन्हाळ्यात आम्ही गावाकडच्या शेतात गेलो. नेहमीसारख्या भेगा होत्या. मिस्टर त्यांना वळसा घालून चालत होते, आणि मीही.

बहीण आता शाळेच्या बाजूला, ओढ्यापलीकडे राहते. तिथलं अंगण चढाच्या पायथ्याला येतं. तिनं दोरीचं एक टोक मुद्दाम वरच्या झाडाला बांधलंय. पाऊस सुरू झाल्यापासून मी रोज सकाळी कामावर जायच्या आधी तिला फोन करते आणि जेवणखाण, तब्येत, पोरीचा अभ्यास हे सगळं सोडून आधी दोरीचं विचारते. ती हसत नाही. बाहेर जाऊन बघून येते, तोवर मी फोन कानाला धरून उभी असते.

"ताठ आहे, ताई," ती म्हणते. "कपडे वाळत नाहीत, पण ताठ आहे."